१२ वर्षं शेडमध्ये उभी असलेली कॉन्टेसा: घरच्या घरी दुरुस्ती कुठून सुरू करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपडा तालुक्यातल्या एका मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, १९९१ सालची पेट्रोल कॉन्टेसा क्लासिक १.८ गेली १२ वर्षं उभी आहे. इंजिन फिरत नाही, ब्रेकचं पॅडल थेट तळाला जातं, दाराखालचा पत्रा हाताने दाबला तर कुरकुरतो. सुट्टीच्या दिवशी घरीच काम करून गाडी रस्त्यावर आणता येईल का, आणि सुरुवात इंजिनापासून करायची की रंगापासून?

दोन्हीपासून नाही. सुरुवात कागदपत्रांपासून आणि त्या कुरकुरणाऱ्या पत्र्यापासून. इंजिन कितीही जाम असलं तरी लेथवाल्याकडे जाऊन ते ठीक होऊन येतं. पण कॉन्टेसाला जीप-ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालची पोकळ पेटी (गॅरेजमध्ये तिला सिल म्हणतात), फ्लोअर आणि पुढच्या सस्पेन्शनची बैठक या तीन जागा सडलेल्या असतील तर नवं कोरं इंजिन घातलेली गाडीसुद्धा मधून वाकते, दारं अडकायला लागतात आणि धडक बसली तर आतला माणूस सुरक्षित राहत नाही. गाडी घरी करण्याजोगी आहे की नाही, हे इंजिन नाही, पत्रा ठरवतो.

लोक हिला भारताची मसल कार (अमेरिकी धाटणीची, मोठ्या ताकदीच्या इंजिनाची गाडी) म्हणतात ते रूपावरून: लांब बॉनेट, रुंद नाक, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्स मालिकेचा. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ पासून २००२ पर्यंत ती बनवली. सुरुवातीच्या गाड्यांत १४८९ सीसीचं जुनं बीएमसी इंजिन होतं, क्लासिकमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं, साधारण ८८ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअर आले. अमेरिकेत १९६४ च्या पाँटियाक जीटीओमध्ये ६.४ लिटरचं व्ही-८ असायचं, त्यामुळे ताकदीची तुलना करायला जाऊच नका. डिझेल इंजिन टाकून द्या असा सल्ला तुम्हाला गावोगाव मिळेल. तो ऐकू नका. पुढचं वजन बदलतं, माउंटिंग कापावी लागतात, आरटीओची आगाऊ परवानगी लागते, आणि मूळ इसुझू पेट्रोल इंजिन असलेली गाडी हीच आज किमतीची आहे. शिवाय हेच इंजिन अँबेसेडर १८०० आयएसझेडमध्ये होतं आणि अँबेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. म्हणून रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सेट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), क्लच प्लेट मागताना कॉन्टेसाचं नाव घेण्यापेक्षा "अँबेसेडर इसुझू पेट्रोल" असं मागा, दुकानदार लवकर शोधून देतो. अवघड आहे ते वेगळंच: पुढची-मागची काच, रबर बिडिंग, टेललाइट, बंपर. हे भाग काढताना तुटले तर काम महिनोन् महिने अडतं. काच काढताना बिडिंग वाचवायच्या नादात काचेला ताण देऊ नका. बिडिंग ब्लेडने कापा आणि काच वाचवा.

आधी कागद

आरसी काढून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. गंज घासताना वायर ब्रश चेसिस नंबरावर चालवू नका. तो पुसट झाला तर तपासणीच्या वेळी छाप निघत नाही आणि पुढे फार त्रास होतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारातच द्यावी लागते हा समज दिल्लीच्या नियमांवरून पसरला आहे, आपल्याकडे तसं नाही. मात्र १९९१ च्या गाडीची मुदत बरीच आधी संपलेली असणार, त्यामुळे विलंब शुल्क आणि हरित कर किती होतो ते तुमच्या आरटीओत जाऊन, काम सुरू करण्याआधी विचारून घ्या. नूतनीकरणाची फी अलीकडे बरीच वाढली आहे, जुन्या माहितीवर हिशेब करू नका. व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडून द्या. ती ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला मिळते, तुमची गाडी २०४१ मध्ये तिथे पोचेल. रंग बदलायचा असेल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, म्हणून जमलं तर मूळ रंगच ठेवा.

जागा आणि घोडी

आपल्या काळ्या मातीवर गाडी उचलण्याचं काम अजिबात करू नका. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि घोडीचे (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी स्टँडचे) पाय एका बाजूला हळूहळू खचतात. गाडी उचलली तेव्हा सरळ दिसते आणि संध्याकाळी कललेली असते. किमान १० बाय १८ फुटांचा, ४ इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा करून घ्या आणि तो २ आठवडे पाणी मारून पिकू द्या. ते शक्य नसेल तर प्रत्येक घोडीखाली दीड-दीड फुटाची, २ इंच जाड सागाची किंवा बाभळीची फळी, आणि फळीखाली मुरूम कुटून घ्या. विटा आणि सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत, ते एकदम फुटतात. जॅक फक्त उचलायला वापरायचा. गाडीखाली शिरायचं ते चार घोड्यांवर टेकवून, हाताने जोरात हलवून बघितल्यानंतरच.

शेडमध्ये कापसाचा ढीग, कडबा किंवा केळीची वाळलेली पानं असतील तर वेल्डिंग तिथे करू नका. ग्राइंडरची ठिणगी १५-२० फूट सहज जाते. कापूस आतून धुमसत राहतो आणि आग तासाभराने दिसते. काम संपल्यावर निदान तासभर तिथे थांबायचं, जवळ वाळूच्या दोन बादल्या ठेवायच्या.

पत्रा तपासणं

लागतं काय: छोटा चुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, अर्ध्या किलोची हातोडी, टॉर्च. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून सगळ्या गाडीवरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे खाली जाड लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे, म्हणजे आधी कुणीतरी सड झाकून ठेवली आहे. मग मॅट, कार्पेट पूर्ण काढून फ्लोअर आतून आणि खालून बघा. स्क्रूड्रायव्हर जोर न लावता टेकवा. भोक पडलं तर तो पत्रा गेलाच, पण हातोडीने ठोकल्यावर "टण" ऐवजी "थप" आवाज आला तरी तो गेलाच समजा.

या जागा सोडू नका: बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, बोनेटच्या मागे जिथे पानं साचतात ती खोबण, पुढच्या फेंडरचा चाकामागचा भाग, सिलची मागची टोकं, डिकीतली स्टेपनीची खोली, जॅक लावायच्या जागा. खान्देशात वरून ऊन इतकं कडक आहे की छत आणि बोनेटचा पत्रा सहसा चांगला सापडतो. सड येते ती खालून. पावसाळ्यात काळ्या मातीतून निघालेली वाफ चार महिने गाडीच्या पोटाला लागत राहते, आणि चाकाच्या कमानीत अडकलेलं चिखलाचं ढेकूळ बाहेरून सुकलं तरी आत ओल धरून ठेवतं.

निर्णय असा करा. फक्त फ्लोअरला भोकं असतील तर काम घरी होतं. सिल एका बाजूची गेली असेल तर धीर आणि वेल्डिंगचा हात पाहिजे, पण होतं. दोन्ही सिल आणि पुढच्या सस्पेन्शनची बैठक गेली असेल तर ती गाडी सुट्या भागांसाठी ठेवा आणि चांगल्या पत्र्याची दुसरी शोधा. हे ऐकायला वाईट वाटतं, विशेषतः वडिलांची गाडी असली तर. पण बैठकीवर ठिगळ मारलेली गाडी घरच्यांना बसवून चालवू नये.

जाम इंजिन

पत्र्याचं काम चालू असताना इंजिनात तेल मुरत ठेवता येतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी सुरू करा. आधी पंख्याचा बेल्ट काढा. पुष्कळदा इंजिन जाम नसतंच, वॉटर बॉडीचं किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग धरलेलं असतं. मग चारही प्लग काढा, प्लगच्या भोकांभोवतालची माती हवेने उडवूनच. प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं करून २५ ते ३० मिली सोडा. रोज संध्याकाळी बघा, जिरलं असेल तर पुन्हा घाला. अॅसिटोन पटकन पेट घेतं, जवळ विडी-सिगारेट नको.

चौथ्या-पाचव्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना आणि २ फुटी दांडा लावून फिरण्याच्या दिशेने दाब द्या. झटका नाही, सावकाश दाब. किंचित हललं की थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा तेल. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे आणि त्यानेच रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात. सेल्फही मारू नका. १० दिवसांत हललं नाही तर हेड उघडायचं.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून मध्याकडे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदम एक बाजू सोडली तर ते वाकतं. काढल्यावर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. ०.१ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग, म्हणजे लेथवाल्याकडून तो भाग सपाट करून घ्यायचा. बसवताना उलटा क्रम, मध्यातून बाहेर, टॉर्क पाना वापरून आणि आकडे इंजिनाच्या मॅन्युअलमधलेच घेऊन.

इंजिन मोकळं झालं तर लगेच चालू करायची घाई नको. ऑइल बदला, २०डब्ल्यू-५० खनिज तेल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, आणि नवा फिल्टर. टॅपेट कव्हर काढून कॅमवर तेल ओता. टायमिंग चेन बोटाने दाबून तिचा ढिलेपणा बघा. प्लग काढलेले ठेवूनच सेल्फने १०-१० सेकंद फिरवा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून. चार आकड्यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. ही एक चाचणी केली तर "इंजिन पूर्ण खोलावं लागेल" हे खरं की नाही, ते तुम्हाला स्वतःला कळतं.

बोअर करायची (सिलिंडर आतून कापून मोठं करायची) वेळ आली तर एक नियम पाळा: ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा आधी हातात घ्या, मग लेथवाल्याला ब्लॉक द्या. उलटं केलं तर बोअर झालेला ब्लॉक आणि न मिळणारं पिस्टन, अशी अडचण होते. बोअर ८४ मिमीचा आहे, त्यामुळे रिंगेच्या तोंडातली फट ०.२५ ते ०.३५ मिमीच्या दरम्यान यायला हवी. रिंग पिस्टनने सिलिंडरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने प्रत्येक रिंग मोजा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना मिळतात, त्यामुळे धुळे आणि जळगावात ट्रकची इंजिनं करणारे जुने हात आहेत. त्यांना ब्लॉक द्यायला हरकत नाही, फक्त माप कागदावर लिहून मागा.

पेट्रोल आणि टाकी

टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनात जाऊ देऊ नका, त्याचा राळेसारखा चिकट थर झालेला असतो. टाकी खाली उतरवा. पाणी आणि कपड्याच्या पावडरीने धुवा, मग मूठभर छोटे नट आत टाकून हलवा. १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं) या हिशेबाने टाकी गळ्यापर्यंत भरा आणि २४ तास ठेवा. ओतून दिल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लगेच धुवा, नाहीतर दोन तासांत पुन्हा लाल गंज धरतो. ब्लोअरने पूर्ण वाळवून आत अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून फिरवा. भोक असेल तर टाकीला घरी झाळ मारू नका. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि ती बाँबसारखी फुटते. ते काम टाकी वाफेने धुऊन देणाऱ्याकडेच करायचं.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या गाडीचे रबरी भाग त्या काळचे, बिनइथेनॉलचे. होस मऊ पडून आतून सोलतात, कार्बुरेटरचे डायफ्राम ताठर होतात, इथेनॉल ओल ओढून घेतं आणि टाकी पुन्हा गंजते. म्हणून टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचे घाला, पाइपवर तसं छापलेलं असतं. पंपाचं आणि कार्बुरेटरचं किट नवं घाला, टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या दोन टाक्या होईपर्यंत तो फिल्टर कचरा दाखवत राहील. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, ओल रिकाम्या जागेत साचते.

खान्देशातला उन्हाळा आणि रेडिएटर

कॉन्टेसा गरम होते ही तक्रार सगळीकडे आहे, पण मे महिन्यात ४५ अंशांवर ती जास्त का होते याचं कारण बहुतेकदा इंजिनात नसून पाण्यात असतं. आपल्या बोअरवेलचं पाणी क्षारयुक्त. २०-२५ वर्षं तेच घातलं की रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या मागच्या भागात पांढरा थर बसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरकडची उष्णता बाहेर पडत नाही. हेड तिथेच वाकतं.

रेडिएटर पितळी असेल तर तो टाकून अॅल्युमिनियमचा स्वस्तातला घेऊ नका. वरची-खालची टाकी झाळ सोडवून उघडायची, नळ्यांत रॉड घालायचा आणि जाळी सडली असेल तर नवी घालून घ्यायची. ब्लॉकच्या बाजूला असलेल्या फ्रॉस्ट प्लगपैकी (पाण्याच्या वाटेवरची गोल पत्र्याची बुचं) मागचा एक काढून आत बघा, तारेने खरवडल्यावर गाळ निघाला तर सगळे प्लग काढून ब्लॉक दाबाच्या पाण्याने धुवा. नंतर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. पुढे पातळी कमी झाली तरी नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालायचं नाही.

थर्मोस्टॅट काढून टाका, असं बरेच मेकॅनिक सांगतात. काढला तर गाडी थंडीत गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खाते, सिलिंडर लवकर झिजतात. तो तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने थर्मोस्टॅट लटकवा, थर्मामीटर घाला, गॅसवर ठेवा. ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागून उकळी येईपर्यंत पूर्ण उघडला तर चांगला आहे. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर मात्र बहुतेक गाड्यांतून गायब असतं. ते नसेल तर पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो. मूळ मिळालं नाही तर १ मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं बनवून घ्या, पंख्याच्या पात्याची निम्मी रुंदी त्याच्या आत यायला हवी.

दुपारी गाडी थांबवली आणि १५ मिनिटांनी चालू होत नाही, तासाभराने होते, ही तक्रार वेगळी. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून न्या, त्यावर काचतंतूची नळी चढवा आणि कार्बुरेटरखाली बेकलाइटचा ६ ते ८ मिमी जाडीचा ठोकळा आहे की नाही ते बघा. कुणीतरी तो काढून नुसतं पॅकिंग लावलेलं असू शकतं.

ब्रेक

इथे काटकसर नाही. पॅडल तळाला जातं याचा अर्थ मास्टर सिलिंडर किंवा मागच्या व्हील सिलिंडरचे रबर गेले. नुसतं किट घालायच्या आधी सिलिंडर आतून बघा. बोटाला खड्डे लागले तर नवीन किट दोन महिन्यांत पुन्हा गळणार. तसा सिलिंडर बदला किंवा त्याला स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह मारून घ्या. पुढच्या दोन आणि मागचा एक, असे रबरी होस न बघताच बदला. बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगलेले असतात. तेल जातं, परत येत नाही, आणि चाक धरून ठेवतं. लोखंडी पाइप गंजले असतील तर ३/१६ इंची ब्रेकचाच स्टीलचा पाइप, दुहेरी फ्लेअर मारून. फ्रिजवाल्यांची तांब्याची नळी कुणी सुचवली तर नाही म्हणा, ती हादऱ्याने तडकते.

ब्रेक ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४, सीलबंद डब्यातलं, १ लिटर पुरतं. हवा काढताना सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टाकीतली पातळी दर पाच-सहा दाबांनंतर बघत राहा. टायर नक्षी चांगली असली तरी चालणार नाहीत. बाजूला चार आकडी तारीख असते, २३११ म्हणजे २०११ चा २३ वा आठवडा. १२ वर्षं उभ्या गाडीचे टायर महामार्गावर फुटतात. पाचही बदला.

पत्रा कापणं आणि जोडणं

फ्लोअर किंवा सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचा अँगल आडवा आणि तिरपा वेल्ड करून घ्या, आणि दाराच्या चारी बाजूंच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मध्ये बसते आणि नंतर कोणताही जॅक तिला पूर्वीच्या मापात आणत नाही.

पत्रा सीआरसी (थंड लाटलेला, जस्त न चढवलेला) घ्या. फ्लोअरला १ मिमी, सिलला १.२ मिमी, बाहेरच्या पॅनेलला ०.८ मिमी. जस्ताचा जीआय पत्रा नको. वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो आणि टाका सच्छिद्र होतो. साध्या रॉडच्या वेल्डिंगने १ मिमीचा पत्रा जळतो, गॅसने तो लाटांसारखा वाकतो. मिग वेल्डिंग (ज्यात तार मशीनमधून आपोआप पुढे येते), ०.८ मिमीची तार (०.६ मिळाली तर उत्तम), आणि सलग रेघ न ओढता एक-एक टाका. पहिला टाका एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्ये, असं फिरत फिरत शेवटी २५ मिमीला एक टाका येईल. मग मधल्या जागा भरा. टाका हाताला सोसवेल इतका गार झाल्याशिवाय शेजारचा मारू नका, पाणी टाकून गार करू नका. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं आणि टाका वरवर बसतो, वरून चांगला दिसतो पण छिन्नीने उपटतो. एकसारख्या दोन तुकड्यांवर आधी टाके मारून ते छिन्नीने तोडून बघा. पत्रा फाटला पाहिजे, टाका सुटला नाही पाहिजे.

जोड झाल्यावर आतून एपॉक्सी प्रायमर, सांध्याला सीम सीलर, आणि रंग झाल्यानंतर सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण. सिलच्या खालची पाणी जायची भोकं मेण घालून झाल्यावर तारेने मोकळी करा. ती बुजली तर तीन पावसाळ्यांत सगळी मेहनत वाया जाते.

छोटे गंजलेले भाग, नट-बोल्ट, कंस वगैरे घासत बसू नका. प्लास्टिकच्या टबात लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला, धन तार जुन्या लोखंडी पट्टीला, रात्रभर उघड्या हवेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची चुकूनही नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

रंग

लांबी ३ मिमीपेक्षा जाड नको. जास्त लागते तिथे पत्रा नीट ठोकलेला नाही. क्रम असा: उघडा पत्रा, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, लांबी, ८० मग १८० मग ३२० चा सुका पेपर, वर सरफेसर (रंगाखालचा गुळगुळीत करायचा थर), ६०० चा पाणीपेपर, आणि रंग. उघड्या लांबीवर पाणीपेपर मारला तर ती पाणी पिते, आणि पहिल्या एप्रिलमध्ये बोनेटवर फोड येतात. आपल्या भागात रंग फुगण्याचं हेच मोठं कारण आहे, त्याचा दोष उगीच रंगाला दिला जातो.

वेळ निवडा. कापूस निघून जिनिंग सुरू झाली की हवेत तंतू उडतात, मार्चनंतर वावटळी, पावसाळ्यात दमट हवा. जिनिंगपासून लांब असाल तर जानेवारी-फेब्रुवारीतली सकाळ सगळ्यात चांगली. तरीही माझं मत असं की घरी सरफेसरपर्यंतच करा आणि शेवटचा हात बूथ असलेल्या पेंटरला द्या. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल बांधून किंवा साधा कोळशाचा मास्क लावून ते थांबत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क लागतो.

वायरिंग

धान्य ठेवलेल्या शेडमध्ये उंदरांनी वायर सोडलेली नसते. डॅशबोर्डखालचा आणि डाव्या फेंडरमधला जुडगा उघडून बघा. चार-पाचपेक्षा जास्त जोड दिसले तर पूर्ण हार्नेस नवा करणं स्वस्त पडतं. हेडलाइटचे दोन ६० वॅटचे बल्ब मिळून १० अँपिअर ओढतात, तो करंट जुन्या स्विचमधून नेऊ नका. रिले लावा, २.५ चौरस मिमीची तार, स्वतंत्र फ्यूज. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी नवी घाला. निम्मे विचित्र विद्युत दोष त्या एका पट्टीने जातात.

पहिले ५०० किलोमीटर

पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलवर ठेवू नका, २० मिनिटं १५०० ते २००० आरपीएमवर चालवा आणि डोळे तापमानाच्या काट्यावर ठेवा. गार झाल्यावर कूलंटची पातळी बघा, चाकांचे नट कसा. हेडच्या बोल्टचं फेरकसणं त्या पॅकिंगच्या पाकिटावर सांगितलं असेल तरच, इंजिन थंड असताना. ५० किलोमीटरला ब्रेकचे सगळे सांधे पांढऱ्या कागदाने पुसून बघा, ओल दिसली तर गाडी उभी करा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगमध्ये ईपी-९० ताजं घाला. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल, हाउसिंगचं जीएल-५ दर्जाचं तेल तिथे ओतू नका, आतल्या पितळी रिंगांना ते खातं.

तोवर चोपडा-जळगाव सपाट रस्त्यावरच फिरा. ऑइल बदलून झालं, काटा जागेवर राहिला आणि ब्रेक एका बाजूला ओढत नसले की मग चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून उतरा, सकाळी लवकर. चढताना रेडिएटर कळेल, उतरताना ब्रेक. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं आयडलवर ठेवा, आणि खाली आल्यावर चारही चाकांच्या डिस्क-ड्रमजवळ हाताची पाठ धरून उष्णता बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर त्याचा कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर पुन्हा खोलायचा.